धुऊन आणलेली गाडी

माझ्या गॅरेजच्या शटरशेजारी तेरा वर्षं एक पाटी होती. पांढऱ्या पत्र्यावर निळ्या रंगात मीच रंगवलेली: 'मच्छीची गाडी धुऊनच आणावी.' शेजारच्या गाळ्यात फरसाण तळतात. त्यांचं म्हणणं, वासानं गिऱ्हाईक फिरकत नाही. ते खोटंही नव्हतं. म्हणून पाटी लावली आणि विसरून गेलो. या पाटीनं मला माझ्या धंद्यातली सगळ्यात मोठी चूक करायला लावली, आणि ती चूक मला नाही, दुसऱ्याच माणसाला भोवली.

मी गाड्यांचा वायरमन. तुर्भ्याला माझा गाळा आहे. एंजिन खोलणं, क्लचप्लेट बदलणं ही कामं माझी नाहीत. बॅटरी, दिवे, सेल्फ-स्टार्टर आणि गेली वीसेक वर्षं सेन्सर. प्रत्येक गाडीचं माझ्या वहीत एक पान असतं. डावीकडे तक्रार, उजवीकडे मोजमाप. सवयच तशी आहे. घरी सिलिंडर किती दिवस पुरला, सोसायटीच्या टाकीत पाणी किती वाजता आलं, हेही मी टिपून ठेवतो. बायको म्हणते, तिचं नशीब की तिला मीटर लावायला टोकं नाहीत.

बाहेरच्या माणसाला कळावं म्हणून आधी थोडं धंद्याचं सांगतो. पूर्वी गाडीचा वेग दाखवणारा काटा केबलनं फिरायचा. आता गिअरबॉक्सच्या मागच्या टोकाशी अंगठ्याएवढा सेन्सर असतो. त्याला तीन तारा: एक विजेची, एक अर्थिंगची आणि एक निरोपाची. आतला शाफ्ट फिरला की सेन्सर निरोपाच्या तारेवर टिचक्या मारतो. ज्या पिकअपबद्दल मी सांगणार आहे तिच्यात शाफ्टच्या एका फेऱ्याला आठ टिचक्या. चाक उचलून, मीटर लावून शाफ्ट हातानं फिरवला तर आकडा पाच व्होल्ट, शून्य, पाच, शून्य असा उड्या मारतो. या टिचक्या मोजून काटा वेग दाखवतो, आणि एंजिनचा कॉम्प्युटरही त्याच मोजतो. टिचक्या थांबल्या तर कॉम्प्युटरला वाटतं गाडी उभी आहे. गाडी मात्र पन्नासनं चाललेली असते. मग डिझेल किती सोडायचं याचा त्याचा अंदाज चुकतो. गाडी झटके खाते, आणि क्लच दाबला की कधीकधी एंजिनच बंद पडतं. चालत्या गाडीचं एंजिन बंद पडलं की स्टिअरिंग जड होतं, ब्रेकही दगडासारखा लागतो.

या सेन्सरच्या कामात माझं थोडं नाव होतं. एकदा एका रोपवाटिकेवाल्याची पिकअप आली होती. तीन जणांनी तिचा सेन्सर बदलला होता, तरी काटा जास्त वेग दाखवत होता. मी फोनवरचा वेग आणि काट्याचा वेग चार वेळा शेजारी शेजारी लिहिला. दर वेळी फरक नऊ टक्क्यांचा. सेन्सर बिघडला तर फरक असा शिस्तीत राहत नाही. मी टायरचं माप घेतलं. मागे कोणीतरी लहान मापाचे टायर चढवले होते. सेन्सरला हातही न लावता मी त्याला टायरवाल्याकडे पाठवलं. तेव्हापासून मला वाटायला लागलं, आपल्या वहीत जे आलं ते झालं, जे नाही आलं ते झालंच नाही.

हिराबायची पिकअप माझ्याकडे तीन वर्षांपूर्वी आली, नारळी पौर्णिमेनंतरच्या आठवड्यात. हिराबाय सारसोळ्याच्या, नेरूळजवळच्या कोळीवाड्यातल्या. रोज सकाळी उरणजवळच्या मोऱ्याच्या जेट्टीवरून मासळी घेऊन उरण रस्त्यानं नेरूळला आणायची आणि बाजारातल्या आपल्या ओट्यावर व इतर बायकांकडे उतरवायची, हे त्यांचं काम. एका बाजूचा रस्ता तीसेक किलोमीटरचा. गाडी बारा वर्षांची. चालवणारे दामूभाऊ तळवलीचे, वय अठ्ठावन्न. नवी मुंबई वसवताना त्यांच्या जमिनी कधीच गेल्या होत्या, या गाडीचं स्टिअरिंग मात्र पहिल्या दिवसापासून त्यांच्या हातात होतं. हिराबायचे यजमान वारले तेव्हा चार महिने दामूभाऊंनी एकट्यानं गाडी चालू ठेवली होती, हे मला हिराबायनंच सांगितलं होतं.

गाडी माझ्याकडे आली तेव्हा चकचकीत होती. हौद्यातसुद्धा एक खवला नव्हता. केबिनमध्ये उदबत्ती लावलेली. मी हसून म्हटलं की इतकी स्वच्छ तर माझी स्कूटरही नसते. त्यावर हिराबाय म्हणाल्या, "तुमी पाटी लावली हाय. आमच्यामुळं कोनी नाक कशाला दाबावा?"

दामूभाऊंनी तक्रार सांगितली. काटा मधेच थरथरतो, शून्यावर येतो, मग गाडी झटका खाते. मी स्कॅनर लावला. कॉम्प्युटरनं वेगाच्या सेन्सरचा दोष नोंदवून ठेवला होता. शाफ्ट फिरवून टिचक्या मोजल्या, आठच्या आठ. तरी सेन्सर मूळचा, बारा वर्षांचा, म्हणून बदलला. फोन समोर ठेवून चौदा किलोमीटर गाडी फिरवली. वीस, तीस, चाळीस, पन्नास, चारही वेगांना फरक दोनच्या आत. वहीत लिहिलं: ठीक.

नऊ दिवसांनी गाडी परत. पुन्हा धुतलेली, पुन्हा उदबत्ती. या वेळी मी तारेची दोन्ही टोकं तपासली. सेन्सरकडचं टोक कोरडं, चकचकीत. काट्याकडचं तसंच. मधल्या तारेला कुठे अडथळा आहे का ते मीटरनं पाहिलं, नव्हता. बावीस किलोमीटर फिरवली. काटा एकदाही थरथरला नाही. जिथे जायला हवा तिथेच गेला. पाण्याचा संशय मनात आला होता, पण पावसाचे दिवस होते आणि येताना वाटेत गाडी चांगली भिजली होती. पावसात भिजूनही आठ टिचक्या येत असतील, तर पाण्यावर संशय कशाला घ्यायचा? ते कारण मी खोडलं.

तिसऱ्या वेळी पाचच दिवसांत आली, आणि हिराबायचा चेहरा उतरलेला होता. गव्हाण फाट्याकडचा पूल उतरताना एंजिन बंद पडलं. मागून टँकर येत होता. त्यानं कसाबसा ब्रेक मारला. आइसबॉक्स पुढच्या फळीवर आदळले. कोणाला लागलं नाही. पण हिराबाय शेजारी बसल्या होत्या आणि टँकरचा हॉर्न त्यांच्या कानातून अजून गेला नव्हता.

दामूभाऊ म्हणाले, "मिस्त्री, आधी काटा मरतो, मग एंजिन मरतं. आनि गाडी भरलेली असली कीच व्हतं. रिकामी कवाच नाय."

हे मी ऐकलं. वहीत लिहिलंही. एवढंच नाही, मी त्याची चाचणी घेतली. पलीकडच्या बांधकामावरून वाळूच्या बारा गोण्या मागितल्या, प्रत्येकी पन्नास किलो. सहाशे किलो हौद्यात भरले आणि दामूभाऊंनाच चालवायला बसवून बेलापूरपर्यंत जाऊन आलो. दोन पूल चढलो, उतरलो. मी मुद्दाम जोरात ब्रेक मारायला लावले. काटा एकदाही मेला नाही. गोण्या उतरवल्यावर दामूभाऊ नळावर हात धुवायला गेले.

तेव्हा हिराबायनं मला बाजूला घेतलं. त्यांचा जावई महिनाभर म्हणत होता की म्हाताऱ्याच्या पायात आता जोर राहिला नाही, क्लच नीट दाबला जात नाही, डोळाही गेला असेल. त्यांना ते पटत नव्हतं. पण टँकर विसरता येत नव्हता. त्यांनी सरळ विचारलं, "मिस्त्री, तुमी खोटा बोलायचे नाय. गाडीत दोष हाय का मानसात?"

मी वही उघडली. तीन भेटी, तीन पानं. छत्तीस किलोमीटर रिकामी, वर भरलेली फेरी. नवा सेन्सर. आठ टिचक्या. मी म्हणालो, "गाडीत दोष नाही."

मला वाटलं, मी फक्त गाडीबद्दल बोललो. पण प्रश्न दोघांपैकी एकाचा होता. एकाला सोडवलं म्हणजे दुसऱ्याला अडकवलं. हे मला त्या क्षणी कळलं नाही असं मी म्हणणार नाही. कळलं होतं. पण आकडे तेच सांगत होते, आणि मी आकड्यांच्या बाजूचा माणूस.

गॅरेजमध्ये त्या वेळी दोन टेम्पोवाले बसले होते. त्यातला एक मोऱ्यालाच बर्फ पोचवायचा. दामूभाऊ नळावरून परत आले, आमच्या चेहऱ्यांकडे त्यांनी पाहिलं आणि खिशातून किल्ली काढली. तिला लाल दोऱ्यात एक छोटी शिंपली बांधलेली होती. ती हिराबायच्या हातावर ठेवून ते रिक्षा स्टँडकडे चालायला लागले. हिराबायनं "दादा" म्हणून हाक मारली. ते थांबले नाहीत.

जावयानं दुसरा ड्रायव्हर आणून दिला. चाळिशीचा, मुंबईत मोठ्या गाड्या चालवलेला. बारा दिवस गेले. तेराव्या दिवशी सकाळी साडेसातला माझा फोन वाजला. हिराबायच होत्या.

"मिस्त्री, आता मानूस दुसरा हाय. गाडी तीच हाय."

त्याच पुलाच्या उतारावर गाडी बंद पडली होती. नव्या ड्रायव्हरनं ती ढकलून कडेला घेतली होती. पुढे त्या म्हणाल्या, "माल दुसऱ्या गाडीत टाकते, गाडी धुते आनि घेऊन येते."

त्या 'धुते' शब्दाशी मी अडलो. हातात चहाचा कप होता, तो तसाच ठेवला. तिन्ही वेळा गाडी माझ्याकडे धुऊन आली होती. माझ्याच पाटीमुळे. जिथे बिघडली तिथून ती सरळ कधीच आली नव्हती. मी म्हणालो, "पाण्याचा थेंब लावू नका. माल हलवू नका. आहे तशी ठेवा, मी येतो."

स्कूटरवर मीटर टाकून निघालो. पोचलो तेव्हा गाडी उतारावर, तोंड खाली करून उभी होती. आइसबॉक्समधला बर्फ वितळून त्याचं पाणी हौद्याच्या पुढच्या टोकाला साचलं होतं. मासळीचं, बर्फाचं, समुद्राचं असं एकत्र पाणी. पुठ्ठा टाकून मी गाडीखाली शिरलो. पुढच्या फळीच्या सांध्यातून थेंब पडत होते. एक माझ्या ओठावर पडला. खारट.

थेंब जिथे पडत होते तिथे चेसिसच्या खाचेत काळी टेप गुंडाळलेली होती. कधीतरी हौदा बदलताना वेल्डिंगवाल्यानं तारा तोडल्या असतील आणि पिळून परत जोडल्या असतील. मी टेप सोडवली. निरोपाची तार आणि अर्थिंगची तार, दोन्हींचे उघडे सांधे शेजारी शेजारी, हिरव्या गंजानं माखलेले, खाऱ्या पाण्यात बुडालेले. मी तारेची दोन टोकं तपासली होती. मधली सव्वा मीटर तार तपासल्यातच आली असं धरून चाललो होतो.

तरीही लगेच निकाल द्यायचा नाही, एवढं मी आता शिकलो होतो. पुढच्या चाकांपुढे दगड लावून मागचं चाक उचललं आणि शाफ्ट फिरवला. मीटरवर पाचाच्या जागी दीड, तोही डळमळता. टिचक्या शून्य. सांधे फडक्यानं कोरडे केले. आठ टिचक्या. पिण्याच्या बाटलीतलं गोडं पाणी ओतलं. तरी आठ. मग आइसबॉक्समधलं वाटीभर पाणी ओतलं. शून्य. हे तीन वेळा केलं, तिन्ही वेळा तेच. खाऱ्या पाण्यातून वीज सहज वाहते. निरोप सेन्सरकडून निघत होता आणि वाटेत अर्थिंगमध्ये जिरत होता. पूल उतरताना, ब्रेक मारताना पाणी पुढे येत होतं, म्हणून गाडी तिथेच मरत होती. आणि गाडी धुतली की नळाचं पाणी ते मीठ वाहून नेत होतं. हिराबाय दर वेळी दोष धुऊन मग गाडी माझ्याकडे आणत होत्या.

मी वाळू भरली होती. सहाशे किलो म्हणजे सहाशे किलो, असं मला वाटलं. दामूभाऊ 'भरलेली' म्हणाले तेव्हा त्यांना वजन म्हणायचं होतं असं मी ठरवून टाकलं. कशानं भरलेली, हे मी विचारलं नाही.

गाडीखालून बाहेर आलो आणि हिराबायना सगळं सांगितलं. त्या रस्त्याच्या कडेच्या कठड्यावर बसल्या. मग म्हणाल्या, "त्या मानसानं माझा घर चार महिने चालवला. आनि मी त्याच्या हातातनं चावी घेतली."

मी म्हणालो की चावी तुम्ही नाही, माझ्या वहीनं घेतली. त्यांनी मान हलवली. "वहीला हात नसतात, मिस्त्री."

त्याच दिवशी सांधे नीट सोल्डर करून जोडले, वर रबरी नळी चढवली, तार खाचेतून काढून उंचावर बांधली. संध्याकाळी तळवलीला गेलो. दामूभाऊंचं घर आता तीन मजली इमारत आहे, खालच्या मजल्यावर भाडेकरूंची दुकानं. ते जिन्याशी खुर्ची टाकून बसले होते. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. वही उघडून चौथं पानही दाखवलं. त्यांनी वहीकडे पाहिलंच नाही.

"मना काय सांगतंस?" ते म्हणाले. "मना ठावकच व्हता."

मी माफी मागितली. त्यांनी बसायला खुर्ची आणवली, चहा आणवला. चहा पिताना म्हणाले की गॅरेजात त्यांचं काहीच गेलं नाही. बर्फवाल्यानं दुसऱ्या दिवशी जेट्टीवर सांगितलं की दामूचा पाय गेला, मिस्त्रीनं मशीन लावून बघितलं. तेव्हापासून लोक त्यांना बघून बाकावर जागा देतात. "बोलायचा तर तिथं जाऊन बोल. माझा नाव तिथं गेला."

मी आयुष्यात चार माणसांसमोर भाषण केलेलं नाही. सोसायटीच्या सभेतही मी हिशोबातली चूक कागदावर लिहून देतो. पण दोन दिवसांनी सकाळी मोऱ्याला गेलो. जेट्टीवर लिलाव चालू होता, टोपल्या ओढल्या जात होत्या. हिराबायनं टाळी वाजवून सगळ्यांना गप्प केलं. एक म्हातारी कोळीण म्हणाली, "वायरवाल्याला हितं कोनी आनला? ह्याला मासली पन मोजायची हाय का?" सगळे हसले. मी तेवढ्यात बोलून घेतलं. दोष तारेत होता. दामूभाऊंनी मला आधीच बरोबर सांगितलं होतं. मी चुकलो, माणसात दोष नव्हता. दोन मिनिटांत संपलं. बर्फवाला आपल्या लाद्यांकडे बघत उभा होता.

दामूभाऊ मागे, दोऱ्या बांधायच्या खुंटाजवळ उभे होते. हिराबायनं शिंपलीची किल्ली त्यांच्यापुढे धरली. त्यांनी ती लगेच घेतली नाही. आधी पिकअपच्या बाजूला वाकून खाली बघितलं, नवी तार कुठून नेली आहे ते पाहिलं, बोटानं ओढून पाहिली. मग किल्ली घेतली. त्या दिवशी गाडी भरून, थेंब गाळत, पूल उतरून ते नेरूळला गेले. मी मागून स्कूटरवर होतो. गाडी थांबली नाही.

मी पाटी काढली. फरसाणवाल्याला कारण समजावून सांगितलं. त्याला पटलं नाही, पण त्यानं मधे एक पडदा लावून घेतला. आता मासळीच्या गाड्या माझ्याकडे आहेत तशा येतात. वहीच्या पानावर मी आणखी एक रकाना आखला आहे: चालवणारा काय म्हणाला. त्याच्याच शब्दांत लिहायचं, माझ्या नाही.

दामूभाऊंनी पुढे दोन मोसम गाडी चालवली. गेल्या वर्षी शिमग्यानंतर एक दिवस ते पिकअप घेऊन एकटेच आले. मला वाटलं काही बिघडलं. ते खाली उतरले, जरा सावकाश. टेबलाशी बसले आणि म्हणाले, "वही काढ. लिव."

मी त्यांच्या गाडीचं पान काढलं.

"लिव, गाडीत दोष नाय. मानूस थकला. कालपासून डाव्या पायात क्लच समजत नाय." थोडं थांबून म्हणाले, "ह्या टायमाला मी सांगतोय. तू मोजू नको."

मी मोजलं नाही. नव्या रकान्यात, त्यांच्या शब्दांत, जसं सांगितलं तसं लिहिलं आणि खाली त्यांचं नाव घातलं. त्यांनी ते एकदा वाचून घेतलं. मग किल्लीची शिंपली हातानं पुसली आणि चावी हिराबायना द्यायला ते स्वतः गाडी चालवत सारसोळ्याला गेले.